बघायजोगं काय हाय?

मी जग पाहिलं असं आमच्या नळदुर्गात सगळेच म्हणतात. भाजीवाली म्हणते, रिक्षावाला म्हणतो, आणि शाळेच्या कार्यक्रमाला बोलावलं की हेडमास्तर माइकवर सांगतात, बाईंनी कैरो पाहिलं, रोम पाहिलं, इस्तंबूल पाहिलं, मुलांनो टाळ्या वाजवा. मुलं टाळ्या वाजवतात आणि मी मान खाली घालून बसते. पिरॅमिडच्या आत काय आहे असं एखाद्या पोरानं विचारलं तर काय सांगू? मी आत गेलेच नाही. तिकिटाच्या खिडकीपासून फाटकापर्यंत रांग कशी वळते, सकाळचं ऊन कुठवर येतं, सावलीत बसायला दगड कुठे आहे, हे मात्र मी डोळे मिटून सांगेन. लोक जग बघून येतात, मी जगाच्या दारात बसून आले. हे असं का झालं ते आता लिहून ठेवायला हवं, कारण ते सांगू शकणारी माणसं एकेक करून गेली आणि मी तेवढी उरले. त्यासाठी आधी माझी काकू सांगावी लागेल.

आमचं घर हमरस्त्याला अगदी खेटून होतं. सोलापूरकडून हैदराबादकडे जाणारे ट्रक आमच्या भिंतीला घासूनच जातात की काय असं वाटे. भरलेला ट्रक गेला की फडताळातले पितळी डबे एकमेकांवर किणकिणत आणि रिकामा गेला की नुसता पत्रा वाजे. आम्हा भावंडांना न बघता सांगता येई, गाडी भरलेली की रिकामी. आता रस्ता चौपदरी झाला, गावाबाहेरून गेला, आणि घरात अशी शांतता पडली की पहिले काही महिने मला झोप येईना. तेव्हा घरात दादा म्हणजे माझे वडील, आई, मी, धाकटा भाऊ सुभाष आणि काकू अशी पाच माणसं. काकू म्हणजे दादांच्या धाकट्या भावाची बायको. काका घरात नव्हते. ते कुठे होते हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि आमच्या घरातली प्रत्येक गोष्ट, सणवार, पंगत, पाहुण्यांची विचारपूस, त्या न ठाऊक असण्याला वळसा घालून चालायची.

काकू आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीकडची. उंच, सावळी, हसली की रस्त्यापलीकडच्या ढाब्यावरची माणसं वळून बघत. स्वयंपाकघर तिचं होतं आणि आईनं ते कधीच सोडून दिलं होतं, कारण काकूच्या हाताला जी चव होती तिच्यापुढे भांडण्यात अर्थ नव्हता. सकाळी परातीत भाकरी थापल्याचा आवाज, त्यावर बांगड्यांचा आवाज, आणि मधूनच आईला मारलेला टोमणा, "अक्का, तुमच्या भाकरीवर बसून पोरं आंघोळ करतीत बगा, येवढी जाड." आई रागवायची आणि हसायची. उन्हाळ्यात काकू येसूर करायची. भाजलेल्या बाजरीचा, गव्हाचा, मसाल्याचा तो वास आठवडाभर आमच्या कपड्यांतून जात नसे. माहेराहून येताना ती खवा आणी, पळसाच्या पानात बांधलेला, आणि त्यातला एक गोळा कुणालाही न देता वेगळा ठेवी. तो काकांचा. दोन दिवसांनी तो वास मारायला लागला की गुपचूप गाईला घाली. एकदा सुभाषनं तो चोरून खाल्ला. काकूनं त्याला मारलं नाही, ओरडली नाही, नुसती चुलीपुढे बसून राहिली. त्यानंतर त्या गोळ्याला आमच्यातल्या कुणी हात लावला नाही.

काका रस्त्यावरच्या एका ढाब्यात आचारी होते. मला ते धूसर आठवतात. पाठीमागे एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट धरून चालायचे, एवढं पक्कं आठवतं. त्यांना एकच नाद होता, बघण्याचा. हैदराबादहून येणारा ड्रायव्हर चारमिनाराची गोष्ट सांगे, हे तव्यावरचा कालथा तसाच ठेवून ऐकत राहत. मग एक दिवस ट्रकमध्ये बसून जात आणि चार दिवसांनी परत येत. कधी विजापूरचा गोल घुमट बघून येत, कधी हंपी. येताना काकूला बांगड्या आणत आणि आठवडाभर तेच सांगत, असा दगड, तसा घुमट, एका टोकाला कुजबुजलं की दुसऱ्या टोकाला ऐकू येतं. जाताना नेहमी एकच बोलायचे, "बघून येतो." शेवटचे गेले तेव्हाही तेवढंच म्हणाले. मी पाच-सहा वर्षांची असेन. मुंबईला जाणाऱ्या कांद्याच्या ट्रकमध्ये बसले, आणि परत आले नाहीत.

मग बातम्या येत राहिल्या. आमचा रस्ता असा की जगातली प्रत्येक अफवा तिथं चहा प्यायला थांबते. एक ड्रायव्हर म्हणाला, तुमचे आचारी मुंबईच्या गोदीत दिसले, बोटीवर भटारखान्यात लागले म्हणे. दुसरा म्हणाला, समुद्रापार बसऱ्याला आहेत. तिसऱ्यानं तर लंडन सांगितलं, आणि एरवी बातमी आणणाऱ्याला फुकट चहा पाजणाऱ्या दादांनी त्याला चहाचे पैसे द्यायला लावले. काकू मात्र प्रत्येकाला एकच विचारी, "तितं बघायजोगं काय हाय?"

तिचा हिशेब साधा होता. आमचं गाव किल्ल्याचं. बाहेरगावचा कोणीही येवो, लग्नाला येवो, कोर्टाच्या कामाला येवो, गाडी बिघडली म्हणून थांबो, किल्ला आणि तिथल्या बंधाऱ्याच्या पोटातला पाणीमहाल बघितल्याशिवाय जात नाही. नर-मादी धबधबे सुरू असले तर विचारायलाच नको. त्यात काकांसारखा माणूस. काकू म्हणे, "ह्येंना शोधायला चावडीत न् ठाण्यात कशाला जायाचं? ज्या गावात आसतील त्या गावातलं बघायजोगं हाय तितं एक दिस जातीलच. तेवढ्या दारात बसलं की झालं." आज लिहिताना वाटतं, किती वेडं आहे हे. पण तेव्हा मला त्यात काहीच चूक दिसली नाही. किल्ल्याच्या गावातल्या माणसाला दिसणारही नाही.

जगाची दारं तिच्या आवाक्याबाहेर होती, म्हणून ती आमच्याच दारात बसे. दुपारची कामं आटोपली की मला हाताशी धरून किल्ल्याकडे निघायची. दरवाज्याच्या आत सावलीत बसून मटकी निवडावी तशी येणारी माणसं निवडायची. हा इथला, हा इथला, हा बाहेरचा. बाहेरचा दिसला की उठायची. "कुठलं गाव म्हनायचं तुमचं? तितं बघायजोगं काय हाय?" शहरी माणसं आधी बिचकत, मग कौतुकानं सांगत. कॅमेरा गळ्यात अडकवलेला एक गृहस्थ परदेशात राहून आलेला होता. त्यानं तिला इस्तंबूलच्या मोठ्या मशिदीबद्दल, रोममधल्या पडक्या गोल आखाड्याबद्दल सांगितलं. काकू ती नावं पुन्हा पुन्हा म्हणत घरी आली. भाकरी थापतानाही म्हणत होती. मी शाळेत भूगोल शिकत होते, तर तिच्यासाठी नकाशातून गावं काढून दाखवायचे. ती नकाशाला बोट लावायची नाही. नवऱ्याच्या ताटाला जसा पाय लागू द्यायचा नाही, तसं ती नकाशापासून थोडं लांब बसायची.

बारा वर्षं झाली तेव्हा घरात पहिल्यांदा ती गोष्ट निघाली. आमच्याकडे माणूस बारा वर्षं बेपत्ता राहिला की त्याचा पुतळा करतात. दर्भाचा, पळसाच्या पानांचा. त्याला अग्नी देतात, दिवस घालतात आणि माणूस गेला असं धरतात. मग बायकोचं कुंकू पुसतात. माझ्या लग्नाचं बघणं सुरू झालं होतं आणि घरात असं अधांतरी काही नको, असं दादांना वाटत होतं. ते वाईट माणूस नव्हते. भाऊ त्यांचाच होता. जेवताना खाली मान घालून म्हणाले, "बारा वर्सं झाली. आता विधी करून मोकळं व्हावं म्हंतो." काकू वाढत होती. तिनं आमटीची पळी परत भांड्यात ठेवली आणि दीर समोर असून पदर नीट न करताच म्हणाली, "मेल्यालं कुनी बघितलंय? न्हाय ना? मग मी जित्या मान्साला जाळनार न्हाय. तुमी जाळनार का, तुमच्या भावाला?" दादा अर्ध्या ताटावरून उठले. त्यानंतर तिच्यासमोर तो विषय निघाला नाही.

त्याच उन्हाळ्यात सोनारीहून मला बघायला आले. मुलगा शाळेत मास्तर होता. काळा, शिडशिडीत, बोलताना डोळे मिचकावणारा. सगळे मोठे गंभीर चेहरे करून बसले होते आणि हा मला म्हणाला, "आमच्याकडं आलात तर हातात कायबी धरून देवळात जाऊ नका. भैरवनाथाच्या आधी माकडंच निवद घेत्यात." मी फसकन हसले. आईनं चिमटा काढला. तो मला आवडला होता. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही, आता सांगायला हरकत नाही, तोही गेला आणि त्याची बायकोही गेली. मला कुठंही जायचं नव्हतं. सोनारीला जायचं होतं, माकडांना हाकलायचं होतं, जत्रेच्या दिवशी रथ बघायचा होता, मास्तरांचा डबा भरायचा होता. घर सोडून दोन रात्री राहिले तर मला ताप यायचा अशी मी मुलगी. त्यांच्याकडून पसंती आली. दिवाळीनंतर करू असं ठरलं.

दिवाळी आलीच नाही. काकूला कावीळ झाली. आधी तिनं अंगावर काढली, मग झाडपाला झाला, मग सोलापूरला नेली तेव्हा डॉक्टरांनी दादांना बाजूला घेतलं. परत आणली. शेवटच्या दोन दिवसांत ती ट्रक गेला की डोळे उघडायची. तिला आम्ही बाहेरच्या खोलीत ठेवलं होतं, रस्त्याच्या बाजूला, तिनंच सांगितलं म्हणून. दुपारी कधीतरी एक ट्रक आमच्या दाराशी थांबला, ड्रायव्हर पाणी मागायला उतरला, आणि त्याला पाणी देऊन मी वळले तेव्हा ती गेलेली होती. तिचं तोंड दाराकडे होतं.

मग भांडण झालं. मढं घरात असताना झालेलं भांडण मी आयुष्यात एकदाच पाहिलं. तिला न्यायचं कसं? सवाष्ण म्हणून की विधवा म्हणून? शेजारच्या एक म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, "बारा वर्सं हून गेली, कसली सवाष्ण? गावाला पाप लागंल." आई, माझी भित्री, जाड भाकरी करणारी आई, उठून उभी राहिली. "तिनं पुसलं न्हाय. आमी कोन पुसनार?" तिनं कासारणीला बोलावलं. ताठरलेल्या मनगटात हिरवा चुडा चढवताना कासारणीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि दोन बांगड्या फुटल्या. हिरवं लुगडं, मळवट, ओटीत नारळ. काकू नवरीसारखी दिसत होती. गावातल्या बायका एकमेकींच्या मागे उभ्या राहून बघत होत्या, आणि पाया पडावं की नाही हे कुणाला कळत नव्हतं. मी पडले. कपाळ तिच्या पायाला लागलं आणि तो गारवा माझ्या कपाळातून गेला नाही, आजही गेलेला नाही.

दहाव्या दिवशी आम्ही बोरी नदीवर गेलो. पिंड ठेवले. तिला आवडायचे ते धपाटे, येसुराची आमटी, आणि वाशीहून तिच्या भावानं आणलेला खवा. बाया-माणसं मागे सरकून उभी राहिली आणि आम्ही कावळ्याची वाट बघू लागलो. कावळे होते. पलीकडच्या बाभळीवर ओळीनं बसले होते. एकही खाली उतरेना. ऊन चढलं. पाठ दुखायला लागली तसे लोक बोलायला लागले. काहीतरी राहिलंय तिचं. आई पुढे झाली, म्हणाली, तुझ्या माहेरच्यांना अंतर देणार नाही. कावळे हलले नाहीत. तिचा भाऊ म्हणाला, तुझ्या नावानं गावजेवण घालतो. काही नाही. शेवटी दादा पुढे झाले. हात जोडले आणि म्हणाले, "त्याचा विधी करतो. तुला एकटं ठेवत न्हाय. त्यालाबी तुझ्याकडं लावून देतो."

बाभळीवरचे कावळे उठले आणि दूर किल्ल्याच्या बाजूला उडून गेले. एकसुद्धा राहिला नाही. एवढी माणसं उभी होती, पण नदीचं पाणीसुद्धा ऐकू येत होतं. दादांचा चेहरा राखेसारखा झाला. ते कुणाकडे बघेनात. गुरुजी म्हणाले, फार झालं, दर्भाचा कावळा करून शिववतो. त्यांनी दर्भ हातात घेतलाही.

मी पुढे कशी गेले मला माहीत नाही. कुणी ढकललं नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की तो गवताचा कावळा झाला की काकूला फसवलं जाणार, सगळ्यांनी मिळून, आणि ती उपाशी परत जाणार. मी मोठ्यानं ओरडले. "काकू, काकांना मी बघीन! जितं जितं बघायजोगं हाय तितं जाईन. दारात बसंन. तुमच्या वाट्याचं मी बघीन. तुमी जेवा."

तो कुठून आला ते कुणाला दिसलं नाही. एकच आला. सरळ खव्यावर बसला, चोच मारली आणि मान वर करून माझ्याकडे बघितलं. कावळा एका डोळ्यानं बघतो, तसंच. लोकांनी सुटकेचा श्वास सोडला, आणि लगेच सगळे माझ्यापासून एक पाऊल मागे सरले. आईसुद्धा.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण त्याचा मला अजून राग येतो. पिंडाला दिलेला शब्द मोडला तर तो मृतात्मा शब्द देणाऱ्याच्या मागे लागतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. सोनारीला बातमी पोचायला एक बाजारचा दिवस पुरला. मास्तरांची आई निरोप घेऊन स्वतः आल्या, हे मात्र त्यांचं मोठेपण. चहा घेतला, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "पोरी, तुझ्यात खोट न्हाय. पन तू आता आमची हून यायाची न्हायस, तू तिची हून ऱ्हानार. सून करून आनली तर दारात बसल्याली सून दिसंल मला." मास्तरही आले होते, बाहेर रस्त्यावर उभे होते. एक ट्रक गेला, धूळ उडाली, ती बसली तेव्हा ते दोघं निघाले होते.

दादांनी मला सोलापूरला नर्सिंगला घातलं. एकदाच म्हणाले, "शब्द दिलायस. पोटापान्याचं शिकून घे, मंजी जाता येईल." पुतळ्याचा विषय त्यांनी मरेपर्यंत काढला नाही. शिकले, मुंबईला नोकरी केली, मग मस्कतला गेले. तिथल्या केरळच्या मुली सुट्टीत सोनं घेऊन घरी जात. मी तिकीट काढून एखाद्या शहराला जायची. पहिलं कैरो. विमानात मला खरंच ताप आला. उतरले ती थेट पिरॅमिडच्या फाटकाशी जाऊन बसले, डबा मांडीवर घेऊन, आणि येणारी माणसं निवडायला लागले. सोनारीच्या जत्रेत काढलेला काका-काकूचा एक फोटो घरात होता, त्यातलं तोंड मी पाठ करून गेले होते.

असं चाळीस-बेचाळीस वर्षं चाललं. पुढे पर्यटन कंपन्यांच्या बसमधून जायची, तेव्हा गाइड आत जाताना माणसं मोजायचा आणि वैतागून म्हणायचा, बाई, पुन्हा बाहेरच? पाय दुखतात म्हणून सांगायची. पुढं पुढं खरंच दुखायला लागले. रोमच्या त्या गोल आखाड्याबाहेर एक माणूस पाठीमागे मनगट धरून चालताना दिसला. मी त्याच्या मागे तीन गल्ल्या गेले. वळला तर भलताच कुणी, हसला आणि मला पत्ता विचारला. इस्तंबूलला मशिदीच्या पायऱ्यांवर बसले असताना भर थंडीत येसुराचा वास आला. दमलेली होते, उठणार होते. उजव्या खांद्यामागून अगदी नेहमीच्या आवाजात काकू म्हणाली, "आजून रांग हाय की गं." मी वळले नाही. मी नर्स आहे, मेलेल्या माणसांची मला भीती वाटत नाही, किती तरी जणांचे डोळे मी माझ्या हातानं मिटले आहेत. पण त्या दिवशी रांग संपेपर्यंत मी बसून राहिले. त्यानंतरही ती येत राहिली. सगळीकडे नाही. फक्त दारांत.

यंदा भाऊबीजेला महेश, म्हणजे सुभाषचा मुलगा, माझ्याकडे येऊन बसला. सुभाष गेल्यापासून घर तोच बघतो. त्याच्या मुलीचं लग्न दोनदा ठरून मोडलं. तिला त्याचं काही नाही, ती पुण्यात मजेत नोकरी करते, पण महेशची बायको झुरते. कुणी तरी गुरुजींनी सांगितलं होतं की घरातला एक माणूस अधांतरी आहे. "आत्या," महेश म्हणाला, "तुमच्या शब्दाबाहेर मी न्हाय. पन आता तरी काकाआजोबांना मोकळं करा. तुमीबी मोकळ्या व्हा." मी दोन दिवस विचार केला. विधी केला की इतक्या वर्षांपूर्वी हिरव्या चुड्यात गेलेली बाई आज विधवा होणार, हे मला दिसत होतं. पण पोरीचा फोटोही समोर होता. या घरातल्या एका पोरीचं मोडलं, तेवढं पुरे. मी हो म्हणाले. काकूला सांगितलं, मनात, की मी सगळी दारं बघितली, ते नव्हते. ती काही बोलली नाही.

विधीच्या दिवशी सकाळीच नदीवर गेलो. घाटाला आता फरशी बसवली आहे. गुरुजी तरुण, चटपटीत, मोटरसायकलवरून सामान घेऊन आलेले. त्यांनी दर्भाचा आणि पळसाच्या पानांचा पुतळा मांडला, नारळाचं डोकं केलं, पिठानं सांधे लिंपले, वर पांढरा पंचा घातला. माझ्यासाठी महेशनं प्लास्टिकची खुर्ची आणली होती. नाव विचारलं, गोत्र विचारलं, महेशनं सांगितलं. मग गुरुजींनी विचारलं, "वय काय त्यांचं?"

मी म्हणाले, "तीस."

गुरुजींनी मान वर केली. महेश हसला, प्रेमानंच हसला. "आत्या, तुमीच सत्तरीच्या पुढं हाव. काकाआजोबा तुमच्यापरीस ल्हान कसे?"

सगळे हसले. मीही हसायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. हिशेब मला येत नव्हता असं नाही. कोणी विचारलं असतं तर सांगितलं असतं, आता पन्नाशीचे असतील, आता सत्तरीचे. पण डोळ्यांना ते कुणी सांगितलं नव्हतं. कैरोत, रोममध्ये, सगळ्या दारांत मी जत्रेतल्या फोटोतलं तोंड शोधत होते. काळ्या केसांचा, ताठ मानेचा माणूस आला की बघायची. म्हातारे आले की नजर त्यांच्यावरून पुढे जायची, पुढचा माणूस दिसावा म्हणून. मी वयानं वाढले, केस पिकले, गुडघे गेले, आणि काकांना मात्र तसंच तिशीत उभं करून ठेवलं.

"थांब," मी म्हणाले. पण तोवर महेशनं अग्नी दिला होता. वाळलेली पानं, धडाडून पेटली. गुरुजी मंत्र म्हणत होते. धूर माझ्याकडे आला आणि त्या धुरात मला लिस्बन आठवलं, आत्ता आत्तापर्यंत कधीच न आठवलेलं. नदीकाठचा जुना मठ, त्याचं मोठं दगडी दार, मी बाकावर बसलेली. काठी टेकत कोणी तरी म्हातारं माणूस आलं आणि शेजारी टेकलं. मी पिशवी उचलून मांडीवर घेतली, त्याला जागा करून दिली. बराच वेळ बसलं होतं ते. एकदा खोकलं. मग उठलं आणि काठी टेकत आत गेलं, बघायला. माझी नजर रांगेवर होती. त्याचं तोंड मी बघितलं नाही.